गिटार वाजवताना मनगट दुखतंय? कारणं आणि उपाय

यूट्यूबवर बघून गिटार शिकताना एफ बार कॉर्ड आला की अनेकांचं मनगट दुखायला लागतं. सुरुवातीला बोटांची टोकं दुखणं नॉर्मल आहे, मनगट दुखणं नाही.

असं का होतं?
बोटं वाकवणारे 9 स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह ही नस मनगटातल्या 'कार्पल टनेल' या अरुंद बोगद्यातून जातात. मनगट जास्त वाकवून तारा जोरात दाबल्या की या बोगद्यातला दाब वाढतो.

काय करायचं?
• गिटारची नेक थोडी वर उचललेली ठेवा. बसून वाजवतानाही पट्टा लावा, म्हणजे कॉर्ड धरणाऱ्या हातावर वजन येत नाही.
• अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर ठेवा. मनगट शक्य तितकं सरळ.
• फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे तार दाबा. कमी जोरातही सूर स्वच्छ येतो.
• तारा फार उंच असतील तर दुकानातून ॲक्शन कमी करून घ्या.
• मोबाईलवर 20 मिनिटांचा टायमर लावा, मग 5 मिनिटं ब्रेक. ब्रेकमध्ये रील्स नकोत, त्यातही तोच हात राबतो.

दुखायला लागलं तर?
लगेच थांबा. दोन-तीन दिवस विश्रांती द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं लावा. नंतर 5-10 मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करा. अंगठा, तर्जनी किंवा मधल्या बोटात मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर घरगुती उपाय पुरे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.