विद्युत चेता-उद्दीपन : जुनाट कंबरदुखीवरील उपचार

त्वचेवर चिकटवलेल्या पॅडांतून विजेचे सौम्य, तुटक स्पंद सोडून खालचे चेतातंतू चेतवायचे आणि त्यायोगे वेदना दाबायची, अशी ही उपचारपद्धती. वैद्यकात ती ‘टेन्स’ या लघुनामाने ओळखली जाते. यंत्र खिशात मावेल एवढे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा चार्ज होणाऱ्या सेलवर चालणारे. त्यातून निघणाऱ्या वायरींच्या टोकांना दोन किंवा चार चिकट पॅड. महाराष्ट्रातल्या फिजिओथेरपी केंद्रात कंबर धरलेला माणूस ‘करंट लावायला’ जातो तेव्हा त्याला टेन्स किंवा तिचे भावंड असलेली आयएफटी लावली जाते. काहीजण यालाही ‘शेक’च म्हणतात, पण शेकात ऊब असते, इथे नुसत्या मुंग्या येतात.

तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. तिच्या बहुसंख्य रुग्णांत हाड मोडलेले नसते, गाठ किंवा जंतुसंसर्ग नसतो, आणि एमआरआयमध्ये दिसणारी झिजलेली चकती दुखण्याचे कारण असेलच असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल. कारण सापडत नाही, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडे कुरकुरतात. अशा वेळी पोटात काहीही न घेता दुखणे थांबवणारे यंत्र कोणाला नको असेल? त्याच्या खपाचे रहस्य इथेच आहे. त्याच्या गुणाचा पुरावा मात्र खपाइतका भक्कम नाही.

विजेने वेदना मारण्याची कल्पना विजेचा शोध लागण्याआधीची आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सन ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधसंग्रहात एक उपाय दिला आहे : वातरक्ताने पाय ठणकत असेल तर समुद्राकाठच्या ओल्या वाळूत जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली धरावा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर उभे राहावे. हा मासा शरीरातून विजेचा झटका देतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात विजेचे पट्टे आणि साखळ्या धडाक्याने विकल्या गेल्या. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीतला बढाईखोर औषधविक्या ओमे अशीच पुल्व्हरमाखर साखळी अंगावर बाळगतो. अमेरिकेत चार्ल्स विली केंट याने १९१९ मध्ये ‘इलेक्ट्रीट’ या हातात धरायच्या यंत्राचे पेटंट घेतले. जाहिरातीत ते बहुतेक सगळेच रोग बरे करीत असे. पुढे १९३८ च्या अन्न-औषध कायद्याने या यंत्राला कोर्टात खेचले.

या बाजाराला शास्त्राचा आधार मिळाला तो १९६५ मध्ये. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात वेदनेचा द्वार-नियंत्रण सिद्धांत मांडला. कोपर आपटले की माणूस न शिकवता ते चोळतो आणि बरे वाटते. का? स्पर्श व दाब वाहून नेणारे चेतातंतू जाड आणि वेगवान असतात. रेंगाळणारी वेदना वाहणारे तंतू बारीक आणि संथ. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या भागात, म्हणजे पृष्ठशृंगात, येऊन मिळतात. जाड तंतूंवर संदेशांची गर्दी झाली, की तिथल्या मधल्या पेशी बारीक तंतूंच्या संदेशाला पुढे जाऊ देत नाहीत. सिद्धांताच्या तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला.

दोनच वर्षांनी वॉल आणि बोस्टनचे मज्जाशल्यचिकित्सक विल्यम स्वीट यांनी त्याची परीक्षा घेतली, तीही आधी स्वतःवर. डोळ्याखालच्या चेतेत सुया खुपसून त्यांनी विजेचे स्पंद सोडले आणि तेवढा भाग टोचण्याला कसा प्रतिसाद देतो ते पाहिले. मग काही रुग्णांवर प्रयोग केला; थोडा वेळ उद्दीपन दिल्यावर काहींची वेदना यंत्र बंद केल्यानंतरही काही काळ थांबलेली राहिली. त्याच १९६७ साली नॉर्मन शीली यांनी एका रुग्णाच्या मज्जारज्जूलगत थेट इलेक्ट्रोड बसवला.

टेन्सचा जन्म या शस्त्रक्रियेच्या दारात झाला. पाठीच्या कण्यात उपकरण बसवण्याआधी रुग्णाला विजेची संवेदना मानवते की नाही हे तपासायला डॉक्टर त्वचेवर पॅड लावून पाहत. काही रुग्णांना तेवढ्यानेच आराम पडला आणि त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला! चाचणीचे साधन असे उपचार होऊन बसले. मज्जाशल्यचिकित्सक डॉनलिन लाँग यांच्या नावाशी जोडले गेलेले अंगावर बाळगण्याचे आधुनिक यंत्र १९७० च्या दशकात आले.

यंत्राच्या दोन ढोबळ तऱ्हा आहेत. पहिलीत सेकंदाला ५० ते १०० किंवा अधिक स्पंद, जोर एवढाच की मुंग्या ठळक वाटाव्यात पण दुखू नये. दुसरीत सेकंदाला दहाहून कमी स्पंद आणि जोर जास्त; स्नायू टिचकी मारल्यासारखे उडतात. हे सारे केवळ ‘द्वार’ बंद करण्यावर भागत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या कॅथलीन स्लुका यांच्या प्रयोगशाळेने प्राण्यांवर दाखवून दिले, की दोन्ही तऱ्हांत शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्ये कामाला लागतात आणि मंद व जलद स्पंदांसाठी त्यांचे ग्राहक (रिसेप्टर) वेगवेगळे असतात. त्याच कामातून एक गैरसोयीची गोष्टही कळली : तेच स्पंद, तेवढ्याच जोराने, रोज दिले तर शरीर काही दिवसांत सरावते आणि परिणाम ओसरतो. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट वारंवारता आणि जोर बदलत ठेवतात.

आता कंबर. या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांचा. तो १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. जुनाट कंबरदुखीचे १४५ रुग्ण चार गटांत वाटले : खरी टेन्स, खरी टेन्स आणि व्यायाम, खोटी टेन्स, खोटी टेन्स आणि व्यायाम. खोट्या यंत्रातून प्रवाह येत नव्हता. महिन्याभरानंतर वेदनेच्या मोजपट्ट्यांवर खऱ्या यंत्राच्या रुग्णांत ४७ टक्के सुधारणा दिसली. हा आकडा एकटा छापला तर कोणत्याही कंपनीची जाहिरात होईल. पण खोट्या यंत्राच्या रुग्णांतही ४२ टक्के सुधारणा होती, आणि दोहोंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. उलट व्यायाम करणाऱ्यांच्या वेदनेत न करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त उतार पडला. आणखी दोन महिन्यांनी पाहिले तर बहुतेकांनी व्यायाम सोडला होता आणि कमावलेला आरामही गेला होता.

बेचाळीस टक्क्यांचा तो आकडा इथे सर्वांत महत्त्वाचा. कंबरदुखी स्वभावतःच चढते-उतरते. माणूस डॉक्टरकडे जातो तो ती चढलेली असताना. पुढे ती उतरतेच. त्यात कोणीतरी आपली दखल घेतली, पॅड लावले, दिवा लुकलुकला, याचाही गुण येतो. ‘मला तरी फरक पडला’ हे रुग्णाचे म्हणणे खोटे नसते. फरक कशाने पडला एवढेच त्यावरून ठरत नाही.

पुढच्या आढाव्यांनी चित्र फारसे पालटले नाही. कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात ५८५ रुग्णांचे चार चांगले प्रयोग हाती लागले. वेदनेबाबत त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. वाकणे, उचलणे, चालणे अशा कंबरेच्या कामांत मात्र टेन्सने भर पडत नाही, यावर दोन प्रयोगांचे एकमत होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१० मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस करता येत नाही असे म्हटले. मधुमेहातल्या चेतावेदनेसाठी मात्र तिचा विचार करावा, असेही त्याच अहवालात होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने कंबरदुखीच्या टेन्सचा खर्च, संशोधनापुरता अपवाद ठेवून, थांबवला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये टेन्स आणि आयएफटी दोन्ही देऊ नयेत असे सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तसाच कौल दिला. तिच्या नकाराच्या यादीत टेन्सच्या जोडीला ट्रॅक्शन, कंबरेचा पट्टा आणि उपचारासाठीचे अल्ट्रासाउंडही आहे. आपल्याकडच्या कंबरदुखीच्या रुग्णाला वाटेत सर्वांत आधी भेटणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी यात आल्या.

प्रतिपक्षही दुबळा नाही. मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ३८१ प्रयोगांचा, म्हणजे २४ हजारांहून अधिक लोकांचा, गोषवारा मांडला. सर्व प्रकारच्या वेदना एकत्र धरल्या तर यंत्र चालू असताना आणि लगेच नंतर खोट्या यंत्रापेक्षा वेदना कमी असते, आणि गंभीर अपाय होत नाही, असे त्यांना आढळले. जुन्या प्रयोगांत जोर फार कमी ठेवला जाई, वेदना यंत्र काढल्यावर कितीतरी वेळाने मोजली जाई, अशी त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांची तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. मात्र खऱ्या यंत्राने मुंग्या येतात, खोट्याने येत नाहीत. रुग्णाला कोणते मिळाले हे लपवणे अवघड असल्यामुळे चुकीचा लाभ टेन्सच्याही पदरात पडू शकतो. शिवाय दोन्ही निष्कर्षांत खरा झगडा नाहीच. तासाभराचा उतार ही एक गोष्ट, सहा महिन्यांनी कंबर कामाला लागणे ही दुसरी. जुनाट दुखण्यात दुसरीच मोलाची.

या घराण्यातले इतर उपचार थोडक्यात. आयएफटीमध्ये सेकंदाला सुमारे ४,००० आवर्तनांचे, किंचित भिन्न असे दोन प्रवाह शरीरात एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या फरकातून मंद स्पंद तयार होतो. ऑस्ट्रियाच्या हान्स नेमेक यांनी ही पद्धत १९५० च्या दशकात पुढे आणली. प्रवाह खोल जातो म्हणून गुणही अधिक, हा दावा सिद्ध झालेला नाही. मज्जारज्जूलगत शस्त्रक्रियेने बसवायचे उत्तेजक हा प्रकार फार महागडा. नॉर्वेत कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाठ-पायाचे दुखणे राहिलेल्या ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात, उत्तेजक चालू असताना आणि गुपचूप बंद असताना रुग्णांच्या हालचालींच्या अडचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. कण्यालगतचा मल्टिफिडस स्नायू जागा करणाऱ्या ‘रीॲक्टिव्ह८’ या उपकरणाला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या २०४ रुग्णांच्या प्रयोगात १२० दिवसांची मुख्य कसोटी पार झाली नाही, नंतरच्या पाहणीत सुधारणा दिसली.

टेन्सला जागा उरते ती मदतनिसाची. पॅड लावून दुखणे दबले असताना चालून घ्यावे, सांगितलेले व्यायाम करावेत. पालथे पडून मुंग्या मोजत राहण्यात हशील नाही. पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गळ्याच्या पुढच्या भागावर, गरोदरपणी पोटावर, बधिर किंवा फाटलेल्या त्वचेवर आणि कर्करोगाच्या गाठीवर पॅड लावत नाहीत. गाडी चालवतानाही ते नको. पॅडखाली पुरळ येणे हा त्याचा नेहमीचा त्रास. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेचा भाग बधिर झाला, पायातली शक्ती गेली, ताप आला किंवा वजन विनाकारण उतरू लागले तर मशीन बाजूला ठेवून विनाविलंब रुग्णालय गाठावे.