नजराणा, पोस्त आणि वाण

दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. नोकरी करणारी एखादी बाई विचारते, साहेबांना काय द्यावं? बरोबरीच्या बायकांना काय द्यावं? आणि जिवाभावाच्या मैत्रिणीला असं काय द्यावं, की तिला आनंद होईल पण परतफेडीचं ओझं वाटणार नाही? दुकानदाराला विचारलं तर तो सुक्या मेव्याचा डबा पुढे करतो. म्हणून या वेळी आम्ही ठरवलं, दुकानात शिरण्याआधी थोडं मागे वळून बघू. आपल्याकडे कोणी कोणाला काय दिलं, आणि त्या देण्याचं पुढे काय झालं?

पहिली गंमत भाषेतच आहे. भेट हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण जुन्या मराठीत देणं कुठून कुठे जातं आहे त्यावर त्याचं नाव ठरतं. खालून वर गेलं तर ती नजर, नजराणा. वरून खाली आलं तर बक्षिसी, आणि सणाला नोकरचाकरांना दिलेली ती दिवाळीची पोस्त. सोयऱ्याधायऱ्यांत फिरतो तो आहेर. बायकाबायकांत ओटी आणि वाण. वस्तू तीच असेल, एखादं लुगडं किंवा नारळ, पण साहेबापुढे ठेवलं की एक नाव आणि शेजारणीच्या पदरात घातलं की दुसरं.

वर जाणाऱ्या देण्यापासून सुरुवात करू, कारण प्रश्न जास्त त्याचेच असतात. ६ जून १६७४, रायगड, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन दरबारात हजर होता. त्याला राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई हवी होती आणि व्यापाराच्या सवलतीही. दरबारात दाटी होती, हा लांब उभा. मग त्याच्या दुभाष्याने, नारायण शेणवी याने, नजर करायची हिऱ्याची अंगठी हात उंचावून धरली. महाराजांचं लक्ष गेलं, त्यांनी मंडळींना जवळ, थेट सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावलं, वस्त्रं दिली आणि निरोप दिला. अंगठी घेतली आणि मानाची वस्त्रं देऊन हिशेब तिथल्या तिथे फेडला. तहाच्या मागण्या मात्र वेगळ्या बसून एकेक करून तपासल्या गेल्या. इंग्रजांची नाणी मराठी मुलखात त्यांनी ठरवलेल्या भावानेच चालावीत, ही मागणी मान्य झाली नाही. नाणं चालेल ते त्याच्या कसाप्रमाणे, असं उत्तर मिळालं. अंगठी हिऱ्याची होती म्हणून काही हा नियम बदलला नाही.

पण सगळ्याच दरबारांना हे जमलं नाही, आणि आपल्याच पुण्याच्या दरबाराला पुढे अजिबात जमलं नाही. पेशवाई १८१८ साली बुडाली. दुसऱ्या वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाबद्दल एक मोठा अहवाल लिहिला. त्यात गावाच्या आणि परगण्याच्या हिशेबातल्या एका बाबीबद्दल त्याने जे सांगितलंय, ते प्रत्येक कचेरीत वाचून दाखवावं असं आहे. बाबीचं नाव दरबारखर्च, दुसरं नाव अंतस्थ. अंतस्थ म्हणजे आतल्या आत दिलेलं, गुपचूप. मामलेदाराने वरच्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना खूश ठेवायला हे सुरू केलं. वर्षानुवर्षं दिलं गेलं, तसा त्याचा ठरलेला हक्क झाला. मग तो हक्क उघडपणे वहीत चढला आणि बाकीच्या खर्चासारखा तपासलाही जाऊ लागला. आता गुपचूप द्यायला काही उरलं नाही, आणि खूश ठेवायची गरज तर तशीच होती. म्हणून रयतेकडून आणखी एक वसुली सुरू झाली. या नाजूक रकमा कोणी फारशा खोलात जाऊन तपासत नसे, त्यामुळे मामलेदार वर जेवढं पोचवी त्याहून जास्त स्वतःसाठी गोळा करी.

मैत्रिणींनो, यात कोणाही एकाला फार दुष्ट व्हावं लागलं नाही, हे लक्षात घ्या. पहिल्या वर्षी कोणीतरी खुशीने दिलं. दुसऱ्या वर्षी त्याला न देणं अवघड वाटलं. पाच-दहा वर्षांनी ज्याने कधीच काही दिलं नव्हतं, तो शेतकरी त्याचे पैसे भरत होता.

इंग्रजही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. बंगालमध्ये कंपनीच्या नोकरांनी नवाबांकडून इतकं घेतलं, की १७७३ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून नजराणे घेण्यावर बंदी घालावी लागली. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ ते १७९५ असा खटला चालला, त्यातही भेटी घेतल्याचा आरोप होताच. तो निर्दोष सुटला, हे वेगळं. मग रीत पडली, की संस्थानिकाने दिलेली वस्तू अधिकाऱ्याने सरकारी तोशाखान्यात जमा करायची. नजरेच्या मोहरांना साहेबाने नुसता हात लावायचा आणि परत करायच्या. मात्र फळंफुलं घ्यायला हरकत नव्हती. या फटीतून डाली आली. डाली म्हणजे टोपली किंवा तबक. नाताळला साहेबाच्या बंगल्यावर कंत्राटदार, सावकार, हाताखालची माणसं फळांच्या, मिठाईच्या डाल्या घेऊन रांगेने उभी राहत. आज साहेबाच्या टेबलावर जो सेलोफेनचा कागद लावलेला डबा जातो, तो त्याच डालीचा नातू आहे, असं आम्हाला वाटतं.

आता हे सगळं राजे आणि साहेब लोकांचं झालं. बाईच्या वाट्याला काय आलं? त्यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांत जावं लागेल. वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यांत हजारो बायका कामाला होत्या, कितीतरी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या. त्यांच्यावर नेमलेल्या मुकादम बाईला नायकीण म्हणत. काम द्यायचं कोणाला, खाडा झाला तर परत घ्यायचं की नाही, हे बरंचसं तिच्या हातात असे. म्हणून तिला काहीतरी द्यावं लागे. त्याचं नाव दस्तुरी. पुरुषांच्या खात्यात जॉबरला, बायकांच्या खात्यात नायकिणीला. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाचा अहवाल १९३१ साली आला, त्यात या दस्तुरीची नोंद आहे. शब्द बघा ना, दस्तुरी म्हणजे दस्तुराप्रमाणे, रिवाजाप्रमाणे दिलेलं. लाच म्हणवत नव्हतं आणि भेट म्हणायला मन धजत नव्हतं, म्हणून रिवाज म्हटलं. आणि घेणारीही बाईच होती. वरची बाई असली म्हणजे खालचीला दिलासा मिळतोच असं नाही, हे आपण गटाच्या बैठकीत पण कधीतरी बोलायला हवं.

याच गिरण्यांत वरून खाली येणाऱ्या भेटीचा झगडाही झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना भरमसाट नफा झाला, तेव्हा मालकांनी सलग काही वर्षं कामगारांना बोनस दिला. मग नफा घटला आणि १९२३ साली त्यांनी सांगितलं, यंदा मिळणार नाही. कामगार म्हणाले, तो आमचा आहे. मालक म्हणाले, ती आमची खुशी होती. जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या, सुमारे दीड लाख कामगार बाहेर आले आणि संप मार्चपर्यंत चालला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्वाळा दिला, की कामगारांना असा बोनस मागण्याचा हक्क नाही. म्हणजे ती पोस्तच, दिली तर दिली. पोस्त आणि पगार यांत फरक काय, हे त्या संपाच्या दिवसांत रिकाम्या चुलीपुढे बसून ज्या बायकांनी शिकलं, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज उरली नसेल. बोनसचा कायदा व्हायला पुढे १९६५ साल उजाडलं. आज कायद्यात बसणाऱ्या कामगाराला कमीत कमी ८.३३ टक्के मिळायलाच हवेत.

म्हणून तुमच्या हाताखाली कोणी असेल, घरी स्वयंपाकाला किंवा धुण्याभांड्याला बाई येत असेल, तर तिची भेट निवडताना आधी हिशेब बघा. ठरलेले पैसे, सुट्टीचे पैसे, दिवाळीचा ठरलेला पगार हे तिचं आहे. ते वेगळ्या पाकिटात, वेळेवर द्या. ते चुकतं झाल्यावर जे द्याल ती भेट. आणि जुनी साडी हे तर कधीच भेट म्हणून देऊ नये. जुनं द्यायचं तर तिला हवं का विचारून, सणावाराला सोडून, एरवीच्या दिवशी द्यावं.

साहेबांच्या प्रश्नाकडे परत येतो. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, त्यामागची कौत्साची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पण तिची सुरुवात आपण गाळतो. कालिदासाच्या रघुवंशात ती आहे. कौत्स गुरू वरतंतूंना म्हणाला, दक्षिणा काय देऊ? गुरू म्हणाले, तू केलीस ती सेवा पुरे. याने ऐकलंच नाही, पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी गुरू चिडले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकलास ना, मग आण चौदा कोटी मोहरा! पुढे रघुराजा, कुबेर, सोन्याचा पाऊस हे सगळं त्या हट्टापायी झालं. आम्हाला यातले वरतंतू फार आवडतात. वरच्या माणसाने आधी नको म्हणावं, आणि खालच्याने ते नको खरं मानावं.

सरकारी नोकरीत तर हे नियमातच लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत भेट घेण्यावर मर्यादा आहेत. एखाद वेळचं जेवण किंवा गाडीतून सोडणं ही भेट धरली जात नाही, एवढं ते समजूतदार आहेत. पण त्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या जणींना माहीत असते. वरच्या अधिकाऱ्याच्या निरोप समारंभासाठी कोणावरही वर्गणीची जबरदस्ती करायची नाही, आणि तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून तर अशी वर्गणी गोळाच करायची नाही. कचेरीतली शिपाई बाई साहेबांच्या चांदीच्या गणपतीसाठी पाचशे रुपये काढते आणि मुलाच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर ढकलते, हे होऊ नये म्हणून हा नियम आहे. खासगी नोकरीत तो लागू नाही, पण तिथेही वापरायला कोणी अडवलेलं नाही. आम्ही सुचवतो ते असं: वर्गणी काढूच नका. काढलीच तर डबा फिरवा, यादी नको. कोणी किती घातले ते कोणाला कळायला नको. आणि साहेबांना किंवा मॅडमना द्यायचं ते सगळ्यांनी मिळून सही केलेलं एक पत्र असावं, ज्यात त्यांनी केलेली एखादी नेमकी गोष्ट लिहिलेली असेल. अमक्या वेळी तुम्ही आमची बदली थांबवली, बाळंतपणाच्या रजेसाठी आमच्या बाजूने बोललात. असं पत्र माणूस निवृत्तीनंतरही जपून ठेवतो, आणि ते विकत घेता येत नाही म्हणून ते पुढे दस्तुरीही होत नाही.

उरलं बरोबरीचं देणं. इथे आहेराची वही आडवी येते. लग्नात कोणी किती आहेर केला ते वहीत उतरवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढाच, शक्यतो थोडा जास्त, परत करायचा. अडल्या वेळी याने कितीतरी लग्नं पार पडली, हे कबूल. पण ज्यांची परत करायची ऐपत नाही ते लग्नालाच यायचं टाळतात, हेही आपण पाहतो. पत्रिकेवर आहेर आणू नये असं छापायची पद्धत उगाच नाही पडली.

वाणाचं तसं नाही. संक्रांतीला जिच्या घरी हळदीकुंकू, ती वाण लुटते. पहिल्या बाईला जी वाटी तीच शेवटच्या बाईला, मग ती बँकेतली मॅनेजर असो की भाजीवाली. वस्तू लहान, रोजच्या वापरातली. आरसा, फणी, पुढे स्टीलची वाटी, मग प्लॅस्टिकचे डबे. आणि लुटणे हा शब्द किती छान आहे, कोणी मोजत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी हीच रीत घ्या. सगळ्यांना एकच, हातात मावेल असं. बियांची पुडी, चांगलं पेन, डब्यासाठी सुती पिशवी. जवळच्या मैत्रिणीला वेगळं द्यायचं तर ते सगळ्यांसमोर नको, घरी जाऊन द्या. आणि तिने वर्षभरात बोलता बोलता काय म्हटलं होतं ते आठवून द्या. चष्म्याची काडी मोडलीय, आईच्या हातच्या गोडा मसाल्याची चव विसरले, असं काहीतरी ती बोललेली असतेच.

एक गोष्ट मात्र वाणाच्या रिवाजात पहिल्यापासून वाकडी आहे. ते सवाष्णीलाच मिळत आलं. शेजारच्या टेबलावरची जी बाई नवरा गेल्यावर अनुकंपेवर नोकरीला लागली, तिला संक्रांतीच्या दिवशी नेमकं काहीतरी काम निघतं आणि ती दुपारीच निघून जाते. लग्न न केलेली, सोडून दिलेली, मुसलमान, ख्रिस्ती, अशा आणखी कितीजणी त्या दिवशी आपल्याच टेबलापाशी बसून राहतात. आता बऱ्याच गावांत आणि गटांत सगळ्या बायकांना बोलावून तिळगूळ आणि वाण दिलं जातं. तुमच्या कचेरीत अजून तसं होत नसेल, तर येत्या संक्रांतीला वाणाच्या वस्तू आणताना आधी हजेरीपटावरची सगळी नावं मोजा, आणि तेवढ्या आणा.