स्टेशनातली कालवं

मी मोडनिंबचा. आमचं स्टेशन कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर. इथं वारकऱ्यांची ये-जा. फलाटावर मासळीचं नाव काढायची सोय नाही. म्हणून न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात, खालच्या मजल्यावरच्या ऑयस्टर बारमध्ये बसलो, तेव्हा गंमत वाटली. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. बर्फावर मांडलेली, कच्ची, वर लिंबू पिळायचं. पहिलं गिळताना डोळेच मिटले!

हे हॉटेल १९१३ सालचं. एकेकाळी न्यूयॉर्कच्या खाडीत कालवं इतकी निघायची, की गरीबही पोटभर खायचे. पण शहराचं सांडपाणी त्याच खाडीत जात होतं. विषमज्वराची भीती वाढली आणि १९२७ मध्ये तिथली कालवं काढणं बंद झालं. त्याच वर्षी आपली बार्शी लाईट मिरजेला पोचली. हॉटेल टिकलं, पण कालवं बाहेरगावची.

मला आठवलं उजनी. धरण आमच्याच माढा तालुक्यात, आणि पुण्याचं सांडपाणी भीमेतून तिथंच येतं. पुढच्या वेळी उजनीकाठी मासे खायला बसलात, तर मालकाला एवढं विचारा: दादा, हा मासा इथलाच ना?