शेरवानीचा खांदा

लग्नसराई सुरू झाली की समाजमाध्यमांवर एक वाद ठरलेला असतो. नवरदेव हिंदू असेल आणि अंगात शेरवानी असेल, तर कुणीतरी विचारतं, ‘हा मुघलांचा पोशाख कशाला?’ त्यावर आपल्यातलाच एखादा छाती फुगवून म्हणतो, ‘होय, मुघलांचीच देणगी आहे.’ दोघंही एकच चूक करतात. अकबर, जहांगीर, औरंगजेब यांच्यापैकी कुणीही शेरवानी घातलेली नाही. घालणं शक्यच नव्हतं. शेरवानीला लागतो तसा खांदा तेव्हा हिंदुस्थानात कुणी कापत नव्हतं.

शिवलेल्या कोटाचा सगळा डोलारा खांद्यावर उभा असतो. कंबर सैल झाली तर आत घेता येते, बाही लांब झाली तर दुमडता येते. खांदा चुकला तर मात्र कोट उसवावाच लागतो. म्हणून एखादा पोशाख कुठून आला हे शोधायचं असेल तर जरी आणि कशिदा बाजूला ठेवून आधी खांदा आणि मुंढा बघावा.

मुघल दरबारातला जामा वेगळ्या हिशेबाने शिवला जाई. कापडाचे सरळ तुकडे, काखेत हात हलावा म्हणून जोडलेली बगल, कमरेपर्यंत अंगालगतचा भाग आणि खाली कळ्यांचा मोठा घेर. खांद्यावर उतार देणारी शिवण बहुधा नसेच. छातीवर एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा आणि बंदांनी बांधायचा. कपडा अंगाला बसवण्याचं बरंचसं काम कात्रीऐवजी हे बंद करत. सकाळी सैल, जेवल्यावर आणखी सैल, दरबारात घट्ट. एकच जामा सगळीकडे चाले. आपल्याकडची बाराबंदी याच कुळातली. नावातच तिची शिवण आहे.

पण बंद नुसते कपडा धरून ठेवत नसत, माणसाची ओळखही सांगत. मुसलमान उजव्या बाजूला बांधत, हिंदू डाव्या. जुनी लघुचित्रं बघताना अभ्यासक आजही आधी काखेकडे बघतात, ते यासाठीच. ‘आईन-ए-अकबरी’त तकौचिया नावाच्या हिंदुस्थानी धाटणीच्या कोटाची नोंद आहे. त्याला पूर्वी खाली चिरा असत आणि तो डावीकडे बांधला जाई. बादशहाने घेर गोल करायला आणि बंद उजवीकडे न्यायला सांगितलं. जाम्याला त्याने ‘सरबगाती’ असं नवं देशी नावही दिलं. नाव देशी आणि गाठ उजवीकडे! अकबराच्या धोरणांवर लिहिणाऱ्यांनी या दोन ओळींकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

पुढे जाम्याचा अंगरखा झाला, अंगरख्यातून चपकन निघाली, मग अचकन आणि शेवटी शेरवानी. हा क्रम अब्दुल हलीम शरर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या लखनौवर लिहिताना लावून ठेवला आहे. अचकन आणि शेरवानीतला नेमका फरक विचाराल तर चार शिंपी चार उत्तरं देतील. मला त्यात फारसा रस नाही. महत्त्वाची गोष्ट या साखळीच्या मधे घडली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबाचा फ्रॉक कोट आपल्या दर्ज्यांच्या हातात आला. साहेब जुना कोट नमुन्याला देई आणि दर्जी व्हरांड्यात बसून तसाच दुसरा शिवून देई. अशा नकला करताना त्याच्या हाताला नवी गणितं लागली. इंचाची टेप. मानेपासून दंडाकडे उतरणारी खांद्याची शिवण. गोल कापलेला मुंढा, त्यात बाहीचा माथा किंचित चुणत बसवणं. कोपरात वाकणारी दोन तुकड्यांची बाही. छातीच्या आत कॅनव्हास आणि इस्त्रीच्या वाफेने कापडाला दिलेली गोलाई. आता कपडा बांधून बसवायची गरज उरली नाही, तो कापतानाच बसू लागला. दर्ज्याने हा खांदा उचलला आणि आपल्या लांब अंगरख्याला लावला. खालचा घेर आवरला, बाजूला चाक ठेवले, गळा उभा केला आणि समोर मधोमध बटणं लावली.

या मधल्या बटणांनी डाव्या-उजव्याचा प्रश्नच मिटवला. शेकडो वर्षं काखेतली गाठ माणसाचा धर्म सांगत होती, बटणांची सरळ रांग तो सांगेना. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, शिवणकामाच्या सोयीतून घडलं. ज्यांनी ते घडवलं त्यांची नावं इतिहासात नाहीत. मुसलमान दर्जी स्वतःला इद्रीसी म्हणवतात, हजरत इद्रीस हे पहिले दर्जी अशी त्यांची श्रद्धा. आपल्याकडचे शिंपी संत नामदेवांचं नाव घेतात. अशा अनेक हातांनी मिळून हा कोट तयार झाला.

उभा गळा फक्त इथलाच होता असंही नाही. इस्तंबूलमध्ये सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली अंमलदारांच्या डोक्यावर फेज चढवली, आणि पुढे तिथे बंद गळ्याचा फ्रॉक कोट रूढ झाला. त्यात टाय लागत नसे. सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये इंग्लंडला जाऊन आले, १८७५ मध्ये अलिगढला शाळा काढली. त्यांच्या छायाचित्रांत हाच तुर्की कोट आणि फेज दिसते. आधुनिक तर दिसायचं, पण साहेबाची नक्कल वाटता कामा नये, या अडचणीवरचा तो तोडगा होता. अलिगढची काळी शेरवानी त्याच वाटेवरची.

आपल्याला जवळची गोष्ट मात्र हैदराबादची. निजामाच्या राज्यात शेरवानी हा मुसलमानी पोशाख नव्हता, तो सरकारी आणि सभ्य पोशाख होता. दरबारात जायचं तर तिच्यावर बगलूस नावाचा पट्टा आणि डोक्यावर दस्तार. दोनदा पंतप्रधान झालेले महाराजा किशन प्रसाद हिंदू होते आणि उर्दूत ‘शाद’ या नावाने शायरी करत. मराठवाडा याच राज्यात होता. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडचे जुने वकील, मास्तर, अंमलदार यांचे घरोघरचे फोटो काढून बघा. देशमुख, जोशी, सय्यद, सगळे एकाच कापाच्या शेरवानीत उभे आहेत. खाली नाव लिहिलेलं नसेल तर ओळखू येत नाहीत. उलट कोकणातल्या लुंगीवाल्या मुसलमान शेतकऱ्याचा किंवा साया घालणाऱ्या मुंबईच्या बोहऱ्याचा तेव्हा शेरवानीशी काही संबंध नव्हता.

धर्माची खूण परत चिकटली ती राजकारणातून. बॅरिस्टर जिना आयुष्यभर लंडनच्या शिवणीचे सूट वापरत आले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये मुस्लिम लीगच्या लखनौ अधिवेशनात ते शेरवानीत आले. सूट त्यांनी पुढेही सोडला नाही, पण सभेतला पोशाख बदलला आणि त्याचा अर्थही. गंमत म्हणजे त्याच काळात जवाहरलाल नेहरू अचकन घालत होते आणि मौलाना आझाद शेरवानी. फाळणीनंतर एकाच खांद्याचा, एकाच गळ्याचा कोट कराचीत इस्लामी ठरला आणि दिल्लीत राष्ट्रीय. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद बंद गळ्याच्या लांब कोटात असत, त्यांना कुणी मुघल म्हटलं नाही. मराठवाड्यात मात्र १९४८ नंतर शेरवानीवर निजामाची सावली पडली आणि ती पेटीत गेली. मुसलमानांच्या घरात ती निकाहपुरती उरली.

आता ती परत आली आहे, पण भाड्याच्या दुकानातून. जरी, खडे, पॉलिस्टर, आणि खांद्यात जाड गादी. छाती ४० असो की ४४, एकाच कापातून काढलेली. नवरदेव सलामाला हात उचलतो तशी अख्खी शेरवानी गळ्यापर्यंत वर चढते, कारण मुंढा खाली कापलेला असतो. चांगल्या शेरवानीत मुंढा काखेजवळ असतो, म्हणून हात वर गेला तरी कोट जागेवर राहतो. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपते. हूक लावल्यावर गळ्यात दोन बोटं जातात. बटणांपाशी आडव्या सुरकुत्या पडत नाहीत आणि उभं राहिल्यावर बाजूचे चाक फाकत नाहीत. घेर सरळ गुडघ्यापाशी उतरतो. हे सगळं करून देणारे जुने कारागीर औरंगाबादेत, हैदराबादेत अजून आहेत. ते दोनदा ट्रायलला बोलावतात, आणि पहिल्या ट्रायलला शेरवानीला एकच बाही असते.