बडोद्यातला एक अर्ज आणि आवक क्रमांक

कमाटीबागेतली संकल्पभूमी बहुतेक बडोदेकरांनी पाहिली असेल. बाबासाहेबांना इथे राहायला जागा मिळाली नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी मात्र सगळी उमेद सरकारी कचेरीत घालवली, त्यामुळे मला ती नोकरीतल्या तक्रारीची गोष्ट वाटते.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याला आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत प्रोबेशनर म्हणून रुजू झाले. तिथे शिपाई फाइली हातात न देता लांबून टेबलावर टाकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही, असं चरित्रकार लिहितात. राहायला एक पारशी धर्मशाळा, तीही पारशी नाव घेऊन. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, पण दिवाणांकडे निर्णय लांबतच गेला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा घोळका दारात आला, आणि त्याच रात्री ते मुंबईच्या गाडीत बसले.

आता बघा, महाराजांची नियत खोटी नव्हती. ज्या राजाने १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच्याबद्दल काय शंका घ्यायची? पण महाराज वर आणि शिपाई खाली, मधे सगळी कचेरी. तक्रार करायची तर त्याच कचेरीच्या जिन्याने वर चढवायची. वेगळी जागाच नव्हती.

पुढे मुंबईत सिडनहॅम या सरकारी कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर तिथल्या काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या माठावरून हरकत घेतली. म्हणजे गाव बदललं, पगार वाढला, माठ तोच.

२६ जानेवारी १९५० पासून कलम १६ आलं. सरकारी नोकरीत जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही. कलम १७ ने अस्पृश्यता गेली, कलम २२६ ने हायकोर्टाचं दार उघडलं. हे फार मोठं काम झालं. पण तक्रार करणाऱ्यावर डूख धरला जातो, तो कलम मोडून नव्हे, नियमातच बसवून.

माझंच सांगतो. खात्याचं नाव घेत नाही. चहाला माझा कप वेगळा ठेवायचे, म्हणून मी लेखी तक्रार दिली. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. साहेब म्हणाले, "भाई, बेसो ने, जोईशुं." दोन महिन्यांत बदली, कारण 'प्रशासकीय'. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात शेरा 'चांगला'. ऐकायला बरा वाटतो ना? पण बढतीला 'अति उत्तम' लागायचं, आणि 'चांगला' शेरा कर्मचाऱ्याला कळवायची पद्धत नव्हती. का मागे पडलो ते मला कित्येक वर्षं कळलंच नाही.

२००८ मध्ये देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तिथेही 'चांगला' शेऱ्यामुळेच बढती अडली होती. तोवर मी निवृत्तीला आलो होतो, पण निकाल वाचून त्या रात्री शांत झोप लागली.

आपली पोरंपोरी आज सरकारी नोकरीत आहेत, त्यांना एवढंच सांगणं: अर्ज तोंडी नको, लेखी द्या. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत घरी ठेवा. दरवर्षीचा अहवाल मागून घ्या, पटला नाही तर मुदतीत हरकत नोंदवा. बदलीचा हुकूम आला तर तक्रारीची तारीख आणि हुकुमाची तारीख एका कागदावर लिहून ठेवा. पुढे वकील पहिल्यांदा तेच विचारतो.

कुणाच्या आजोबा-पणजोबांनी गायकवाडी कचेऱ्यांत नोकरी केली असेल, तर त्यांच्याकडून ऐकलेलं जरूर लिहा. गोड-कडू दोन्ही.