बोलणाऱ्याची जीभ, लिहिणाऱ्याचा हात

महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. निम्नश्रेणी लघुलेखकाला मात्र १०० शब्द उतरवून घ्यावे लागतात. साहेब बोलतात त्या वेगाने बोटं चालत नाहीत, हे सरकारनेच मान्य केलंय म्हणायचं. पण ही दरी बुजवायचा खटाटोप टाइपरायटरच्या फार आधीचा.

ज्ञानेश्वरांनी सांगितलेली ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली, शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. समर्थांचा दासबोध लिहून घेतला कल्याणस्वामींनी. कारभाराला एवढी सवड कुठली! तिथे बोरू शक्यतो न उचलता ओळ पुरी व्हावी म्हणून मोडी वळवली गेली. श्रेय हेमाडपंतांना देतात. माझ्या मते ते दिवसभर खर्डेघाशी करणाऱ्या कारकुनांचं असावं.

टाइपरायटरने वेगळीच गंमत केली. रेमिंग्टन कळफलकावर ‘कि’ लिहायची तर आधी वेलांटी, मग क. तोंडातून मागाहून निघणारा स्वर बोट आधी मारतं! इन्स्क्रिप्टने क्रम उच्चाराप्रमाणे लावला, पण टायपिंग क्लासात घोटलेली बोटं सहजी वळत नाहीत.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी आली. त्याच्या आदल्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि बायडूच्या संशोधकांनी इंग्रजीत फोनवर बोलून लिहिणं टंकण्याच्या तिप्पट वेगाचं असल्याचं दाखवलं होतं. पण ती शर्यत फोनवरच्या टायपिंगशी होती, दहा बोटांनी टंकणाऱ्या कारकुनाशी नव्हे.

आता सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला या. हा पट्टा दुभाषी. घरात कन्नड आणि अर्ज मराठीत, हे इथे नवलाचं नाही. फोन विचारतो, भाषा कुठली? बोलणारा तर एकाच वाक्यात दोन्ही वापरतो. त्यात शेताच्या अर्जातल्या ‘पोटखराबा’चं, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीचं, ‘पोट खराब’ झालं, की वाचवलेला वेळ अंगठ्याने दुरुस्ती करण्यात जातो.

गणपतीने व्यासांना घातलेली अट, लेखणी थांबता कामा नये, हे यंत्र चोख पाळतं. व्यासांची उलट अट होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. तिथे ते अजून कच्चं आहे. म्हणून निरोप आणि पहिला खर्डा खुशाल बोलून लिहा. तलाठ्याकडे जाणारा अर्ज मात्र देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा.