बुलेट : जुनं नाव, नवं इंजिन

मंडळी, गावाकडे फटफटी म्हटलं की डोळ्यांपुढे बुलेटच यायची! फौजदार किंवा एखादा मोठा बागायतदार गावात शिरायच्या आधी तिचा डुगडुग आवाज पोचायचा. ही बुलेट मूळची इथलीच, इंग्लंडची. बर्मिंगहॅमजवळच्या रेडिच गावात रॉयल एनफील्डने १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल बनवली आणि १९३२ मध्ये 'बुलेट' हे नाव बाजारात आणलं. पुढे भारतीय सैन्याने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत 'एनफील्ड इंडिया' उभी राहिली.

इकडे इंग्लंडमध्ये मात्र घसरण सुरू झाली होती. जपानी कंपन्या लहान गाड्या घेऊन आल्या, तेव्हा ब्रिटिश कंपन्या म्हणाल्या, लहान गाड्या त्यांना करू देत, आपण मोठ्या करू. मग १९६९ मध्ये होंडाने ७५० सीसीची गाडीच आणली, तीही इलेक्ट्रिक स्टार्ट आणि डिस्क ब्रेकसकट! रेडिचचा कारखाना त्याआधीच, १९६७ मध्ये, बंद पडला होता. १९७० मध्ये एनफील्डचं इंग्लंडमधलं उरलंसुरलं उत्पादनही थांबलं.

मद्रासची शाखा तगली, पण ते काही हुशारीमुळे नव्हे. परवाना राज होतं, आयात जवळजवळ बंद होती. स्पर्धाच नाही, तर गाडी सुधारायची कशाला? १९८० च्या दशकात हीरो होंडा, यामाहा यांच्या १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या आणि बुलेट मागे पडली. १९९४ मध्ये कंपनी आयशर समूहाकडे गेली. २००० साली महिन्याला जेमतेम २ हजार गाड्या खपत होत्या आणि कंपनी बंद करावी की विकावी, अशी चर्चा होती. तेव्हा मालकांचा २६ वर्षांचा मुलगा, सिद्धार्थ लाल, याने एक संधी मागून घेतली. पुढे २००५ मध्ये समूहाने आपला ट्रॅक्टरचा धंदाही विकला.

खरा पेच पुढेच होता. जुन्या भक्तांना बिडाचं इंजिन आणि उजव्या पायाशी गिअर हवा होता. नव्या गिऱ्हाइकाला किक मारून घाम गाळणं आणि गाडीखाली पडलेलं ऑइल पुसणं नको होतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. जुनी सिस्टिम बदलायची असते, पण वापरणाऱ्याला ती परकी वाटता कामा नये.

लाल यांच्या इंजिनिअरांनी नेमकं तेच केलं. आतलं इंजिन पूर्ण नवं, ॲल्युमिनियमचं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सांगाड्यात. इलेक्ट्रिक स्टार्ट दिला, गिअर डाव्या पायाशी नेला. जुने लोक कुरकुरले, पण टाकीचा आकार, बसण्याची ऐट आणि तो ठोक्याचा आवाज जपला. २००९ मध्ये भारतात आलेली 'क्लासिक' दिसायला १९५० सालची, चालवायला मात्र आजची होती. २०१७ मध्ये कंपनीने लेस्टरशायरमध्ये तंत्रकेंद्र उघडलं आणि २०१८ मध्ये ६५० सीसीच्या दोन सिलिंडरच्या गाड्या आणल्या. ज्या देशात कारखाना बंद पडला, तिथल्याच इंजिनिअरांना पुन्हा काम मिळालं! २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीने १० लाखांहून जास्त गाड्या विकल्या.

अर्थात, परीक्षा संपलेली नाही. २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या आपल्या पुण्याजवळ, चाकणला, बजाज बनवतं. म्हणजे जुनं इंग्लिश नाव आता एकट्या एनफील्डकडे राहिलेलं नाही. पुढची लढाई इंजिनावर आणि किमतीवर होणार.

इथल्या रस्त्यावर कधी बुलेट उभी दिसली, तर मुलांना जवळ नेऊन गिअर कोणत्या पायाशी आहे ते जरूर दाखवा. उजव्या पायाशी असेल, तर ती जुन्या काळातली. डाव्या पायाशी असेल, तर बहुधा बदल स्वीकारल्यानंतरची!